अंगठ्याचं नाणं

१

ताटात शेवटचं एक नाणं उरायला हवं होतं. ताट रिकामं होतं.

वहिनींनी तरीही तळावरून हात फिरवला. मग ताट उचलून खाली पाहिलं, वाकून टेबलाखाली पाहिलं, आणि सरळ उभ्या राहून म्हणाल्या, "माझं नाणं कुणी उचललंय?"

आवाज मोठा नव्हता. पण खुर्च्या रचण्याचा खडखडाट थांबला.

संघटना होती फरशीच्या कारखान्यात छाती गमावलेल्या माणसांची. म्हणजे आता बहुतेक त्यांच्या बायकांची, भावांची, मुलांची. कारखान्यात फरशीच्या कडा फिरत्या चाकावर दाबून घासायच्या, आणि उडणारी भुकटी श्वासाबरोबर आत घ्यायची, हे तिथलं काम. जुना कारखाना बंद पडला तेव्हा त्याचा पितळी भोंगा भंगारात निघाला. संघटनेनं तो मिळवला, वितळवला, आणि घरटी एक नाणं ओतून घेतलं. एका बाजूला भोंगा. दुसऱ्या बाजूला खळगा, आणि खळग्यात त्या घरच्या आजारी माणसाच्या अंगठ्याचा ठसा. माणसानं मेणावर अंगठा दाबायचा, मेणाची जागा पितळ घ्यायचं. त्यातले बरेच अंगठे आता या जगात नव्हते.

नियम साधा होता आणि कडक होता. सभेच्या सुरुवातीला अध्यक्ष आपलं नाणं टेबलावर ठोकत. ठोका पडला की प्रत्येकानं आपलं नाणं ताटात टाकायचं, आणि जाताना उचलायचं. ज्याचं नाणं ताटात नाही, त्यानं सभेत तोंड उघडायचं नाही, हात वर करायचा नाही. पुढच्या सभेपर्यंतही दाखवता आलं नाही, तर सभासदत्व गेलं. मागे कंपनीनं काही माणसं फोडली होती, आणि त्यांची नाणी साहेबांच्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेली लोकांनी पाहिली होती. तेव्हापासून हरवलेलं नाणं म्हणजे विकलेलं नाणं, असंच सगळे धरून चालत.

बाकीचे सभासद जिना उतरून गेले होते. खोलीत वहिनींखेरीज चौघं उरले होते.

"बरं आजच हरवलं," मुकादम म्हणाले. ते अध्यक्ष. चाकावर उभं राहून सुरुवात केलेली, मुकादम होऊन बाहेर पडलेले, आणि आता नाकात प्राणवायूची नळी. "पुढच्या सभेला मतदान. तक्रार तुमच्या नवऱ्याच्या नावाची. आणि नाणं आजच पाय फुटून गेलं!"

"म्हणजे मी विकलं?"

"मी कुठं म्हणालो? तुम्ही म्हणालात."

"वहिनी, पिशवीत बघ की नीट," त्यांचा धाकटा दीर वैतागून म्हणाला. तो टेंपो चालवायचा, आणि त्याचा टेंपो खाली रस्ता अडवून उभा होता.

"ताटात टाकताना तुम्हीच शेजारी होतात ना, भाऊजी? मग पिशवीत कसं जाईल?"

"ओतताना मी म्हणालो होतो, भोक पाडून गळ्यात घाला," ओतारी पुटपुटला. सगळी नाणी त्यानंच घडवली होती, आणि तेव्हापासून तो सगळ्यांवर रागावलेलाच असे.

"शांत व्हा, शांत व्हा," सर म्हणाले. हे निवृत्त प्राध्यापक, संघटनेचे चिटणीस. पत्रकं तेच लिहीत, भाषणं तेच करीत. नवी कवळी अजून बसली नव्हती, म्हणून प्रत्येक 'श'ला बारीक शीळ वाजे. "संशय मनात ठेवून जायला नको. आपण खिसे उलटे करू या. एकेकानं माझ्यासमोर यावं."

दिरानं खिसे उलटे केले. ओताऱ्यानं केले, वर शिव्याही हासडल्या. वहिनींची पिशवी टेबलावर रिकामी झाली: रिळं, खडू, मोजपट्टी, कात्री. मुकादम मात्र उठून उभे राहिले. "माझ्या खिशात हात घालणारा अजून जन्मायचाय," म्हणत नळकांडं ओढत ते जिन्याकडे निघाले.

अर्ध्या जिन्यातून त्यांचा धापा टाकता आवाज वर आला. "पुढच्या सभेला नाणं आणा, वहिनी. नाहीतर तुम्ही आमच्या कोणी नाही. तक्रारीचं काय करायचं, ते मग आमचं आम्ही बघू."

२

"शिवायला काही नाही माझ्याकडे," नकारबाई दार अर्धंच उघडून म्हणाली.

"शिवायला नाही आले. वसूल करायला आलेय," वहिनी म्हणाल्या.

विमा कंपनीत तपासनीस म्हणून तिनं उभी हयात काढली होती. दावे तपासायचे आणि परत पाठवायचे. तिचं खरं नाव वस्तीत कुणी विचारलं नव्हतं. नकारबाई एवढं सगळ्यांना पुरत होतं.

"माझ्या नवऱ्याचा दावा तुम्ही परत पाठवलात. अंगठा जुळत नाही म्हणून. नुसता डाग उमटलाय, हा तोच माणूस कशावरून, असं लिहिलंत. चाकावर उभे राहत होते हो ते तेव्हा. सुट्टी टाकून, खोकत खोकत तुमच्या कचेरीचा जिना चढले होते."

"आठवतं."

"लाज नाही वाटली?"

"लाज वाटून घ्यायचा पगार नव्हता मला."

वहिनींनी उंबऱ्यात एक पाऊल टाकलं. म्हणाल्या, "आता बिनपगारी एक काम करा."

दार पूर्ण उघडलं. खोलीत एकच खुर्ची होती. नकारबाई तिच्यात बसली आणि वहिनी उभ्या राहिल्या. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माझ्याकडेच का?"

"तुम्ही कुणावर विश्वास ठेवत नाही म्हणून. मला आता माणसांवर विश्वास ठेवायचा कंटाळा आलाय."

"मतदान कशावर आहे?"

"तडजोडीवर. कंपनी नवा कारखाना काढतेय. घरटी एक नोकरी देते म्हणते. बदल्यात आम्ही तक्रार मागे घ्यायची. हा रोग कामानं झाला, मास्क न देता माणसं धुळीत उभी केली, ही तक्रार. ती मागे घेतली की नव्या कारखान्यात पुन्हा तीच चाकं, तीच भुकटी. आणि या वेळी पोरं आमची."

"आणि तुम्ही संघटनेतून गेलात की?"

"तक्रार माझ्या नवऱ्याच्या नावाची, पण चालवते संघटना. मी बाहेर पडले की माझं कुणी ऐकायचं कारण नाही. त्यांना मागे घ्यायला मोकळं रान."

"तडजोड कुणाला हवी?"

"मुकादमांना हवी. भाऊजींना हवी. ओतारीदादांना नको. सर म्हणतात, सभा ठरवील ते."

नकारबाईनं बोटं मोडली. "ते नाणं नसल्यानं तुम्हाला काय झालं? रडगाणं नको, नेमकं सांगा."

वहिनींनी आवाज चढवला नाही. "रोज सकाळी सुईत दोरा ओवायच्या आधी मी त्या खळग्यात माझा अंगठा टेकवते. नवरा गेल्यापासूनचा नेम आहे. ताट रिकामं झाल्यापासून तो मोडलाय. बाकी काही झालं नाही."

नकारबाई उठली आणि चपला शोधू लागली.

३

"तुम्हाला चहा मिळणार नाही," मुकादम म्हणाले.

"मी पिणारही नाही. झडती का दिली नाहीत?"

मुकादमांनी नळी नाकाशी दाबली, दम घेतला. "खिशात डॉक्टरची चिठ्ठी होती. आत किती छाती उरलीय त्याची. ती चारचौघांत टेबलावर पसरू?"

"तडजोड हवी म्हणता."

"हवी. मी मरायच्या आत काहीतरी हातात पडलेलं बघायचंय मला. पण म्हणून त्या बाईच्या नवऱ्याचा अंगठा चोरू? मी चाकावर होतो तेव्हा तो माझ्या शेजारच्या चाकावर होता. चला, निघा आता. तुम्हाला बघून मला श्वास लागतो."

ओताऱ्यानं तिला भट्टीजवळही येऊ दिलं नाही. "मीच चोरलं म्हणा ना! सगळ्यांना तेच सोयीचं आहे. ठसा उचलणं, साचा काढणं, ही माझीच विद्या."

"तुम्ही घेतलंत?"

"मला घ्यायचं असतं तर ओततानाच दोन ओतली नसती का? डोकं वापरा की जरा." त्यानं पक्कड आपटली. "त्या नाण्यांनी माझा जीव खाल्ला. एकेकाला परत परत बोलवायचं. कारखाना बंद पडल्यावर दुसरीकडे चाकावर लागलेला माणूस यायचा, मेणावर अंगठा दाबायचा, आणि उमटायची नुसती टिकली. जा म्हणायचो, चाक सुटल्यावर ये. माझं मेण काय झाडाला लागतं?"

दीर टेंपोच्या चाकाशी खटपट करत होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "हो, मला हवी नोकरी. माझ्या पोराला. लपवतोय का कुणापासून?"

"ती धूळ तुम्हाला माहीत नाही?"

"मी वर्षभर चाकावर काढलंय. माहीत आहे. आणि पोरगं दिवसभर भिंतीकडे बघत बसतं, ते पण माहीत आहे. त्यातलं काय वाईट, ते तुम्ही मला शिकवू नका. वहिनीला सांगा, हरवलं असेल तर हरवलं म्हण. नाटक नको."

एकट्या सरांनी तिला बसायला दिलं. पुस्तकांनी भिंती झाकल्या होत्या. "आपण शिकलेली माणसं," ते म्हणाले. "या लोकांच्या भावना आपण समजून घ्यायच्या, पण वाहून जायचं नाही." त्यांनी आपलं नाणं खिशातून काढून तिच्या हातात दिलं. एका बाजूला भोंगा, दुसरी बाजू सपाट. "मानाचं आहे. मी आलो तेव्हा भोंगा वितळून नाणी वाटूनही झाली होती. पितळ थोडं उरलं होतं, त्यातून मला दिलं. मी यांचा, आणि तरी यांच्यातला नाही. कधी कधी वाटतं, वहिनींच्या मनावर फार ताण आलाय. माणूस अशा वेळी वस्तू कुठेतरी ठेवतो आणि विसरतो."

"तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात?"

"कालच जाऊन आलो. केळी घेऊन. मुकादमही येऊन गेले म्हणाल्या, जाब विचारायला. ओतारीही गेला होता."

ती पायऱ्या उतरत होती तेव्हा दिराचा टेंपो कोपऱ्यावर करकचून थांबला. खिडकीतून तो तिच्यावर ओरडला, "तुमची चौकशी बंद करा आता! सापडलं नाणं! तिच्याच मशीनच्या खणात होतं!"

४

वहिनींच्या दारात शेजारणी जमल्या होत्या. दिरानं खण बाहेर ओढून सगळ्यांना दिसेल असा मशीनवर ठेवला होता. गुंड्यांच्या खाली नाणं पडलेलं.

"मी स्क्रू शोधायला खण उघडला," तो गर्दीला सांगत होता. "घरच्या घरी! आणि आम्ही तिकडं चोर म्हणून खिसे उलटे करून दाखवतोय!"

"मी रोज तो खण उघडते," वहिनी म्हणाल्या. "नव्हतं तिथं."

"मग काय, रांगत आलं?"

कोणीतरी हसलं. वहिनींनी मान खाली घातली नाही. त्यांच्या पायाशी अर्धवट शिवलेला झगा पडला होता, आणि एक शेजारीण तो बिनदिक्कत तुडवून पुढे आली होती.

नकारबाईनं गर्दीला कोपरानं सारलं. "सगळे घरी जा. तमाशाला तिकीट नाही म्हणून काय मुक्कामच करणार?" तिनं नाणं उचललं, खिडकीशी नेलं, आणि वहिनींची सुई मागितली. सुईच्या टोकानं तिनं खळग्यातल्या रेघा खरवडल्या. टोकाला काहीतरी चिकटून आलं. गुलाबी. ओढलं तर रबरासारखं लांबलं आणि तुटलं.

"हे तुमचं?"

"नाही. मी त्याला कापडसुद्धा लावत नाही. फक्त अंगठा."

नकारबाईनं तो तुकडा कागदात गुंडाळला. "नाणं चोरलं नव्हतं हो. उसनं नेलं होतं. कुणीतरी यात काही भरून ठसा उचलला आणि परत आणून टाकलं."

"कशाला?"

त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ते जिना चढत येत होतं. सर दारात उभे राहिले, घामेजलेले. हातात एका कागदाची छायाप्रत होती.

"वहिनी, बसा तुम्ही," ते म्हणाले. "कंपनीच्या वकिलानं पाठवलंय. जुन्या कारखान्याच्या कपाटात सापडलं म्हणे. मला वाटतं, आता तक्रारीत काही राहिलं नाही."

५

मजकूर चार ओळींचा होता. कंपनीनं मला आज मास्क दिला. मला त्यात गुदमरतं, म्हणून मी तो वापरणार नाही. पुढे छातीला काही झालं तर जबाबदारी माझी. खाली वहिनींच्या नवऱ्याचं नाव, तारीख, आणि अंगठा. सही त्यांना येत नव्हती.

"खोटं आहे," वहिनी म्हणाल्या. "मास्क कधी मिळालाच नाही. मी जुन्या ओढणीची पट्टी शिवून द्यायचे त्यांना, नाकाला बांधायला."

"असेल, असेल," सर हळुवारपणे म्हणाले. "पण अंगठ्याला कसं खोटं म्हणणार? वकिलाचं म्हणणं आहे, तुमच्याच नाण्यावरच्या ठशाशी जुळवून बघा. देव करो आणि न जुळो."

जुळला. दिरानं खिशातलं भिंग काढून स्वतः जुळवून पाहिला; गाडीच्या वायरी बघायला तो जवळ बाळगायचा. रेघेला रेघ, वळणाला वळण. तो भिंतीला टेकून खाली बसला. भावाची बाजू घ्यावी की भावावर चिडावं, हे त्याला कळेना.

"म्हणजे आपला दादाच..." तो म्हणाला. "आणि आपण इतकी वर्षं दुसऱ्यांना शिव्या दिल्या."

"सभेपुढे हे ठेवावं लागेल," सर म्हणाले. "नाण्याचं नाटक का झालं, हेही लोक विचारतील. वहिनी, मला वाईट वाटतं, पण तुम्हाला काढा असा ठराव येणार. मी थांबवू शकणार नाही."

ते गेले. वहिनी मशीनसमोर बसून राहिल्या. माणूस गेला होता, आता त्याचा शब्दही जायच्या वाटेला लागला होता. उद्या पोरं म्हणतील, काकांनी स्वतःच मरण मागून घेतलं.

नकारबाईनं छायाप्रत उचलली. मजकूर तिनं वाचलाच नाही. अंगठा बघितला. तारीख बघितली. पुन्हा अंगठा बघितला. आणि ती हसली. वस्तीत तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ते दृश्य फारसं सुंदर नव्हतं.

"हसताय?" वहिनी उसळून उभ्या राहिल्या. "माझ्या घरात उभं राहून हसताय?"

"सभेत मला बोलू देतील?"

"नाणं नाही तुमच्याकडे. तोंड उघडलंत तर जिन्यावरून खाली ढकलतील."

"मग तुम्हालाच बोलावं लागेल," नकारबाई म्हणाली. "दार लावा आणि मी सांगते ते नीट ऐका."

६

ठोका पडला. नाणी ताटात खणखणली. वहिनींनी आपलं टाकलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "खणातून आणलं वाटतं?" आणि हशा पिकला. सरांनी कागद वाचून दाखवला, तसा तो विरला. मग खुर्च्या करकरल्या, माणसं एकमेकांवर ओरडू लागली. ज्यांची माणसं गेली होती ती सगळ्यात जास्त.

"नाणं ताटात आहे माझं," वहिनी म्हणाल्या. "मला तोंड आहे. दोन प्रश्न विचारते, मग काढा मला."

"विचारा आणि संपवा," मुकादम म्हणाले.

"मुकादम, तुम्ही चाकावर होतात तेव्हा तुमचा अंगठा कागदावर कसा उमटायचा?"

"आता हे काय मध्येच? चाकावर कसला अंगठा उमटतो? फरशी दाबून धरायची अंगठ्यानं, दिवसभर. अंगठ्याचा आरसा व्हायचा. म्हणून तर हजेरीला पत्र्याचे बिल्ले दिले होते आपल्याला, अंगठे घ्यायचं त्यांनीच सोडून..."

ते थांबले. नळीतली हवा तेवढी सुरू राहिली.

"कागद द्या इकडे," ते म्हणाले. सर हलले नाहीत. मुकादमांनी हात लांब करून कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "हा स्वच्छ आहे. रेघन्‌ रेघ. आणि तारीख ऐन चाकावरची. तो माझ्या शेजारी उभा होता हो त्या वर्षी! त्याच्या अंगठ्यावर माशी घसरली असती!"

"चाक सुटल्यावर रेघा परत येतात," ओतारी मागून ओरडला. "म्हणून तर मी सगळ्यांना नंतर बोलवायचो! वहिनींचा नवरा आजारी पडून घरी बसल्यावर मेणावर अंगठा देऊन गेला. हा ठसा त्यानंतरचा आहे. हा माझ्या नाण्यातला आहे!"

गलका झाला. वहिनींनी तो विझू दिला.

"त्यांचा अंगठा जगात एकाच ठिकाणी उरलाय, त्या ताटात. तो कुणीतरी नेला, त्यात गुलाबी रबर भरून ठसा उचलला, कागदावर उठवला. नाणं फेकून दिलं नाही, कारण कागदावरचा अंगठा त्यांचाच आहे हे पटवायला नाणं सापडायलाच हवं होतं. म्हणून माझ्या खणात आलं. आता दुसरा प्रश्न. हे कुणी केलं? भाऊजी चाकावर होते. मुकादम होते. ओतारीदादांनी प्रत्येकाचा गुळगुळीत अंगठा बघितलाय. यांतल्या कुणी खोटा कागद केला असता, तर त्यावर चाकाच्या वर्षाची तारीख घातलीच नसती. ही चूक फक्त ज्यानं चाक पाहिलं नाही, तो करील. नाणी वाटून झाल्यावर जो आला, तो करील."

कुणी नाव घेतलं नाही. माना वळल्या.

"शक्य आहे, वकिलाचं काम असेल हे," सर म्हणाले. या वेळी शीळ नीट वाजली नाही. "माझा काय संबंध?"

"वकील या खोलीत नव्हता. आमच्या झडत्या तुम्ही घेतल्यात. तुमची कुणी घेतली?"

"वहिनी, तुम्हाला हे कुणीतरी पढवलंय."

"हो, पढवलंय. तिनं हेही सांगितलं, की ते गुलाबी रबर दाताचा डॉक्टर तोंडात भरतो. कवळीचं माप घ्यायला."

सरांचा हात ओठांकडे गेला आणि तिथंच थांबला.

दीर खुर्च्या ओलांडत पुढे आला. दोघांनी त्याला धरलं. "माझ्या भावाचा अंगठा! केळी घेऊन आलास माझ्या घरी!"

"हो, आलो!" सर एकाएकी किंचाळले. इतक्या वर्षांत त्यांनी आवाज चढवला नव्हता. "आणि काय वाईट केलं? तुम्ही इथं ताटात नाणी वाजवत बसता, आणि दर पावसाळ्यात एक खुर्ची रिकामी होते. तुमची पोरं चौकात उभी असतात. मी त्यांना पगार मिळवून देत होतो. एका मेलेल्या माणसाचा अंगठा लागला, तर लागला! त्याला काय दुखलं?"

"मला दुखलं," वहिनी म्हणाल्या.

मुकादमांनी ताटात हात घालून सपाट नाणं शोधलं आणि सरांच्या दिशेनं टेबलावरून सरकवलं. ते कडेवरून खाली पडलं. सरांनी ते उचललं नाही. वाटेत माणसांनी त्यांना अडवलं नाही, पण कुणी बाजूलाही झालं नाही. प्रत्येकाच्या अंगाला घासतच त्यांना दारापर्यंत जावं लागलं.

"ती बाई जिन्यात आहे ना?" मुकादम म्हणाले. "बोलवा आत. आज तिला माझं नाणं."

नकारबाई दारात उभी राहिली. तिला बसा कुणी म्हटलं नाही.

"हे कोर्टात सांगाल?" मुकादमांनी विचारलं.

"सांगेन. त्या कागदावरच्याच वर्षी मी त्यांचा दावा फेटाळला. अंगठा उमटत नाही म्हणून. ते आमच्या कचेरीत अजून असेल."

"तुमचीच नाचक्की होईल त्यात. सगळे फेटाळलेले उठतील तुमच्यावर."

"उठू दे. एरवी माझ्याकडे येतंय कोण?"

७

मतदान त्याच दुपारी झालं. मुकादमांनी हात वर केला नाही, कुठल्याच बाजूला. तडजोडीसाठी थोडेच हात उठले. त्यात दिराचा होता, ताठ, सगळ्यांना दिसेल असा. तडजोड पडली.

वहिनी खाली आल्या तेव्हा टेंपो निघून गेलेला होता. पायी निघाल्या. कोपऱ्यावर वळल्यावर दिसलं, तो पुढे थांबला होता, इंजिन चालू. दीर समोर बघत होता.

त्या दार उघडून शेजारी बसल्या.

"दादा खोटा नव्हता," तो म्हणाला. "बरं वाटलं."

"हं."

"पोराला काय सांगू?"

"सांगा, काकूनं नोकरी घालवली."

"तेच सांगणार आहे." त्यानं गिअर टाकला, पण गाडी हलवली नाही. "उद्यापासून चूल वेगळी, वहिनी. मला नाही जमायचं समोर बसून जेवायला."

वहिनींनी पदर गुडघ्यावर नीट केला. "शेगडी तुम्ही न्या," त्या म्हणाल्या. "घरात खाणारी तोंडं तुमची जास्त आहेत. मला स्टोव्ह चालतो."

त्यानं गाडी सोडली. बाजारातून जाताना त्यानं गाडी एका दुकानापुढे उभी केली, उतरला, आणि स्टोव्हच्या वाती घेऊन आला. पुडकं त्यांच्या मांडीवर टाकलं, जरा जोरातच, आणि गाडी घराकडे वळवली.